स्टोअरच्या खुर्चीसाठी कच्चा डेस्कटॉप

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, कॉम्प्युटर बंद पडला की हाक मला पडते. मी इलेक्ट्रिशियन. ज्याला वायर आहे ते सगळं माझं, असं मालकांनी बावीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलंय. पंखा माझा, प्रेसची मोटर माझी, गेटची बेल माझी, आणि माल ठेवायच्या स्टोअरमधला तो म्हातारा कॉम्प्युटरही माझाच. सुरुवातीला मी भांडलो होतो. ‘साहेब, आयटीआयला हे शिकवलं न्हाई आमाला,’ म्हणालो. ते म्हणाले, ‘मग आता शिक.’ शिकलो. कुदळवाडीच्या भंगारातून एक डबा उचलून आणला, उघडला, जोडला आणि त्यावर लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली, जुन्या खटाऱ्यालाही पळवते. तेव्हा जो नाद लागला तो लागलाच. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. माणसं त्या दिवशी देवाला जातात, मी धडधाकट कॉम्प्युटर पुसून पुन्हा नव्यानं मांडतो. बायको म्हणते, यापेक्षा सवत आणली असती तर निदान तिनं भांडी तरी घासली असती.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो त्याच्याबद्दल. आमचा शॉप चिखलीत, पत्र्याच्या शेडमध्ये. पाच पॉवर प्रेस. दुचाकीला लागणारे लोखंडी ब्रॅकेट दाबून काढायचे आणि महाळुंग्याला मोठ्या कंपनीत पाठवायचे. दोन नंबरच्या प्रेसवर तो चौदा वर्षं होता. लातूरकडचा, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, बोलायला कमी आणि हाताला भलता चपळ. मागच्या हिवाळ्यात त्या प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. जूनमध्ये तो परत आला तेव्हा उजवा हात पँटच्या खिशात होता, आणि तो खिशातच राहिला. झाडलोट करायचा, बोल्ट मोजून द्यायचा, सगळं डाव्या हातानं. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचा.

मालक तसा वाईट माणूस नाही. स्टोअर सांभाळणारे काका वय झालं म्हणून दिवाळीनंतर गावी जाणार होते. गणपतीच्या सुमारास मालकांनी त्याला स्टोअरमध्ये बोलावलं. मी तिथंच स्टुलावर चढून ट्यूब बदलत होतो. म्हणाले, ‘काकांच्या खुर्चीवर तुला बसवतो. पण स्टोअर सगळं कॉम्प्युटरवर आहे. माल आला एंट्री, माल गेला एंट्री. गाडी गेटवर ताटकळत ठेवता येत नाही. दिवाळीपर्यंत जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, आणि मग तुला द्यायला माझ्याकडे काम नाही.’ त्यानं नुसती मान हलवली. दोन मुली इथल्या शाळेत, बायको दोन घरी पोळ्या करते, आणि गावी परत जायचं म्हणजे थोरल्या भावाच्या दारात. बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘भाऊ, मला तर मोबाइलवर नंबरसुद्धा पोरगी लावून देती.’

मी म्हणालो, ‘दे माझ्या ताब्यात. दिवाळीपर्यंत तुला पायलट करतो.’ बोलायला आपल्या बापाचं काय जातं.

पहिला आठवडा माउसनं खाल्ला. डाव्या हातात माउस धरला की टायपिंगलाही तोच हात. माउस सोड, बटण दाब, परत माउस धर, पडद्यावरचा बाण कुठं गेला ते शोध. मध्येच दोनदा क्लिक व्हायचं आणि भलतीच विंडो पुढं यायची. एक चलन, म्हणजे मालासोबतची पावती, भरायला वीस मिनिटं. एकदा तर त्यानं एंट्रीची अख्खी शीट ओढून कुठल्या तरी फोल्डरात टाकली, ती शोधण्यात माझी दुपार गेली. मी तोंडाचा फटकळ. ‘आरं, उजवा हात काय भाड्यानं दिलाय का? काढ की भायेर,’ म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली. तो माउस बाजूला सारून म्हणाला, ‘भाऊ, ह्या उंदरापरीस प्रेस बरा होता.’ आणि कसनुसं हसला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात मला तो नवा डेस्कटॉप सापडला. डेस्कटॉप म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर समोर दिसतं ते सगळं: खालचं पॅनल, घड्याळ, विंडो कशा उघडतात, कशा सरकतात ते. लिनक्समध्ये हा भाग आपल्याला हवा तसा बदलता येतो. जगाच्या पाठीवर कुठं कुठं बसलेली माणसं तो बनवत असतात, आणि यातल्या काही जणांनी सगळं पहिल्यापासून नव्यानं लिहायला घेतलं होतं. अजून पुरता झालेला नव्हता. पण ज्याला बघायचाय त्यानं बघावा म्हणून कच्चाच बाहेर सोडला होता. त्याला ते अल्फा म्हणतात. आपल्या भाषेत ट्रायल पीस.

त्यांच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हे अपुरं आहे, रोजच्या कामाला वापरू नका. त्याखाली काय काय चालत नाही त्याची ही लांबलचक यादी. मी हसत सुटलो. आमच्याकडे आधी ‘ओके’चा स्टिकर लागतो, मग मशीन उघडतात. ही मंडळी स्वतःच्या मालाची बदनामी स्वतःच करत होती. पण यादीच्या वर एक ओळ होती, ती वाचून मी कान टवकारले: सगळं काम कीबोर्डवरून करता येईल, माउसची गरज पडणार नाही.

गुरुवारी सकाळी अंघोळ करून बसलो. आमच्याकडे गुरुवारी लाइटही सुट्टी घेते. घरच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो नुसता लाइटवर चालतो. पेनड्राइव्ह लावला, दोन-तृतीयांश काम झालं आणि लाइट गेली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘देव हाय म्हणायचा.’ दुपारी लाइट आली, परत पहिल्यापासून. ह्या वेळी लागलं.

काय सांगू त्या डेस्कटॉपचे गुण. घड्याळ साडेपाच तास मागे. सेटिंगमध्ये गेलो तर पानापानांवर नुसती नावं, आत ‘लवकरच येत आहे’. पिंपळे सौदागरला टॉवर उठत होते तेव्हा मी तिथं वायरिंगची कामं केलीत. दारावर फ्लॅटचा नंबर लागलेला आणि आत प्लास्टरही नाही, तसंच हे. स्क्रीनला कुलूप लागलं की पासवर्ड टाकायची जागाच यायची नाही, मग बटण दाबून सगळं बंद करायचं. मराठीत टाइप केलं तर जोडाक्षरं फुटून रस्त्यावर पडल्यासारखी दिसायची. दिवसभरात तीनदा पॅनल गायब झालं. मी एकट्यानंच त्याला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या मावशी विचारायला आल्या, भांडण कुणाशी चाललंय.

आणि तरीही. एक विंडो उघडली की ती पडदाभर. दुसरी उघडली की पहिली आपण होऊन अर्ध्यावर सरकते, बसमध्ये कुणी आलं की आपण सरकून जागा देतो तशी. तिसरी आली की तिघी नीट बसतात. कुणी कुणाच्या अंगावर चढत नाही, कुणी कुणाच्या मागं लपत नाही. इकडून तिकडं जायचं तर कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातलं एक बटण धरायचं आणि बाण दाबायचा. आवरून ठेवलेल्या घरात कसं, डोळे मिटून हात घातला तरी डबा सापडतो, तसं वाटलं मला. संध्याकाळपर्यंत मी माउसची वायर काढून टाकली आणि बायकोला म्हणालो, ‘सापडलं.’ तिनं विचारलं, ‘काय?’ मी म्हणालो, ‘त्याची खुर्ची.’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘मग पुढच्या गुरुवारी त्याला जेवायलाच बोलव.’

तसा तो गुरुवारी यायला लागला. शॉपमध्ये शिकायला त्याला लाज वाटायची, आमच्या घरात नाही. मी शिकवणार आणि तो शिकणार असं ठरलं होतं, पण खरं म्हणजे आम्ही दोघंही आंधळेच होतो. मला तरी त्या डेस्कटॉपचं कुठं काय माहीत. त्याला एक फायदा होता, जुन्या कॉम्प्युटरची सवयच नव्हती. मी अजून माउस शोधायला हात टाकायचो, तो सरळ बटणाकडे जायचा. ‘हे इकडं सरकायलंय बघा भाऊ,’ म्हणायचा. पॅनल गायब झालं तर मी उखडायचो, तो म्हणायचा, ‘जाऊ द्या की, आपल्याला काय करायचंय त्याचं.’ चौथ्या गुरुवारी त्यानं एक चलन सात मिनिटांत भरलं. बायकोनं त्या दिवशी पुरण घातलं होतं, तिनं ते चलनासाठी घातलं नव्हतं, पण मी त्याला तसंच सांगितलं.

घोडं अडलं ते पाचव्या गुरुवारी. ते कोपऱ्यातलं बटण कीबोर्डच्या डाव्या टोकाला, बाण उजव्या टोकाला, आणि दोन्ही एकदम दाबायचे. एका हाताला तेवढी वीत नाही. उजवा हात खिशात. दुसऱ्या डेस्कटॉपवर अशी सोय असते की बटणं एकामागून एक दाबली तरी चालतात. ह्याच्यावर शोधली तर ते पान रिकामं. लवकरच म्हणे. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. माझं डोकं फिरलं. ‘थांब,’ म्हणालो. ड्रॉवरमधून काड्यापेटीचा पुठ्ठा काढला, घडी घातली, त्या कोपऱ्यातल्या बटणावर ठेवली आणि वरून काळी टेप गुंडाळली. बटण दाबलेलंच राहिलं. ‘हे बघ. आता एका हातानं.’ मला स्वतःच्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं.

त्यानं टाइप करायला घेतलं आणि सगळंच उलटं झालं. ते बटण दाबलेलं असलं की प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. एक अक्षर दाबलं, शीट बंद झाली. दुसरं दाबलं, काहीतरी भलतंच उघडलं. मी मोठ्यानं हसलो. तो हसला नाही. त्याचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. तो टेपकडे बघत होता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पॉवर प्रेसला समोर दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा अवजड ठोकळा खाली येतो. म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात बटणावर, आत कुणाचा हात राहायलाच नको. ही अक्कल ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. पण एक बटण पुठ्ठा घालून टेपनं दाबून टाकलं की उरलेल्या एकाच बटणावर प्रेस चालतो, दुसरा हात मोकळा राहतो, तयार पीस भराभर काढता येतात आणि शिफ्टला जास्त माल निघतो. आमच्या पट्ट्यात हे सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेटर टेप लावतो, सुपरवायझर दुसरीकडे बघतो आणि मेंटेनन्सवाला सकाळी फेरी मारताना ती काढतो. दुपारी परत लागते. परत काढतो. मग कधीतरी कंटाळतो.

ज्या दिवशी त्याची बोटं गेली त्या सकाळी मेंटेनन्सच्या फेरीवर मी दोन नंबरपाशी थांबलो होतो. टेप मला दिसली होती. मी थांबलो आणि पुढं गेलो. मेंटेनन्सच्या वहीत लिहिलं, ‘दोन्ही बटणं चालू स्थितीत’. माझंच अक्षर आहे ते. आणि तोच पुठ्ठा, तीच काळी टेप, तशीच घडी मी आता त्याच माणसाच्या पुढ्यात, माझ्या घरात बसून घातली होती. हाताला वळण पडलेलं असतं, डोक्याला विचारायला तो थांबत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘हे काढा भाऊ,’ तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता.

मी टेप काढायला लागलो. घट्ट बसली होती, नखानं निघेना. तेवढ्यात त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. इतक्या महिन्यांत मी तो पहिल्यांदाच नीट बघितला. मधली जागा गुळगुळीत, गुलाबी, लहान मुलाच्या कातडीसारखी. डाव्या हातानं त्यानं कोपऱ्यातलं बटण धरलं आणि उजव्या हाताची करंगळी बाणावर टेकवली. विंडो सरकली. परत दाबलं, परत सरकली. करंगळी जेमतेम, पण पोचत होती. ‘दोन्ही हातानंच शिकतो,’ म्हणाला. ‘एकाचं नको.’

त्याच वेळी मला बोलायला पाहिजे होतं. बायको दारात चहा घेऊन उभी होती, तिनं सगळं बघितलं होतं. मी काय म्हणालो, तर ‘चहा गार व्हतोय.’ एरवी माझ्या तोंडाला खीळ नसते.

पुढच्या गुरुवारी मी त्या डेस्कटॉपवाल्यांना कळवायला बसलो की ही सोय नाहीये. त्यांचा एक ठरलेला फॉर्म असतो. तुम्ही काय करत होता, काय व्हायला पाहिजे होतं, आणि काय झालं. तीनच प्रश्न, पण खरं लिहावं लागतं. त्यानं विचारलं, ‘काय लिहायलाव?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘माझं लिहा. उजव्या हाताला दोन बोटं हायेत. मी जमवायलोय. पण ज्याला एकच हात असंल त्यानं काय करावं, ते विचारा.’ बोटांबद्दल तो स्वतःहून बोलला ती ही पहिलीच वेळ. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते लिहिलं. दोन दिवसांनी कुणाचं तरी उत्तर आलं: सांगितल्याबद्दल आभार, चूक आमची आहे, काम सुरू आहे, पुढच्या वेळी मिळेल. त्यानं ते मला दोनदा वाचायला लावलं.

‘चूक आमची म्हणलेत?’

‘व्हय.’

‘आणि वर आभार?’

‘व्हय की.’

‘आपल्याकडं असं सांगितलं तर?’ त्यानं विचारलं. मी पडदा खालीवर सरकवत बसलो.

मालकांनी परीक्षा घेतली ती दिवाळीच्या आधीच्या शनिवारी. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर मी तो डेस्कटॉप आठवड्यापूर्वीच चढवला होता. रोजच्या कामाला वापरू नका, असं लिहिलेलं असताना चढवला, हेही कबूल करतो. उलटं झालं असतं तर मालकांनी मला सोलून काढलं असतं. रोज संध्याकाळी शीटची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मी ती खिशात घालून घरी नेत होतो.

महाळुंग्याची गाडी माल न्यायला उभी, कच्च्या पत्र्याची गाडी माल उतरवायला उभी, दोन्ही ड्रायव्हर खिडकीशी. मालक त्याच्या खुर्चीमागे, मी दारात. तो बसला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. डावीकडे शीट, उजवीकडे चलनाचा फोटो, एंट्री सुरू. तिसऱ्या चलनाला पॅनल गेलं. सगळंच्या सगळं, घड्याळासकट. मालक म्हणाले, ‘अरे, खालचं कुठं गेलं?’ त्यानं वर बघितलंही नाही. ‘असू द्या साहेब, त्याचं काम नाही लागत,’ म्हणाला आणि पुढचं चलन घेतलं. पॅनल असलं काय, नसलं काय, तो त्याच्या भरवशावर कधी नव्हताच. दोन्ही गाड्या अर्ध्या तासात सुटल्या. काकांनी चष्मा काढून पुसला.

मालक खूश झाले. ‘सोमवारपासून तू बस,’ म्हणाले. ‘काका, ह्याला किल्ल्या द्या.’

मला वाटलं, आता हा उठेल, पाया पडेल, रडेल. तो खुर्चीतच बसून राहिला. स्टोअरच्या खिडकीतून शॉप दिसतो, आणि सगळ्यात समोर दोन नंबर. ‘साहेब,’ तो म्हणाला, ‘बसतो मी. पण दोन नंबरला टेप लावलीय. त्या माणसाला आधी थांबवा.’

मालकांचा चेहरा उतरला. एखाद्याला खुर्ची द्यावी आणि त्यानं बसल्या जागेवरून आपल्यालाच सांगावं, कुणाला आवडेल. मला तर वाटलं, गेली ह्याची खुर्ची. कशाला बोलला हा, दोन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. मालक म्हणाले, ‘टेप? मेंटेनन्सच्या वहीत रोज ओके आहे.’ आणि माझ्याकडे वळले.

दिवाळीचा लोड होता. अपघातानंतर दोन महिने सगळे सुतासारखे सरळ होते, मग टेप परत आली होती. मी काढत होतो, काढत होतो, आणि मग पुन्हा कंटाळलो होतो. तो माझ्याकडे बघत नव्हता. पडद्याकडे बघत होता, दोन्ही हात कीबोर्डवर तसेच.

‘हाय टेप,’ मी म्हणालो. ‘तीन दिवस झालं.’

‘आणि तू काढली नाहीस?’

‘न्हाई.’ मग जे इतके महिने सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. ‘ह्याच्या वेळंलाबी मला म्हाईत होतं. त्या दिवशी सकाळी बघितलं होतं मी.’

मालक स्वतः चालत दोन नंबरपाशी गेले, मेन स्विच बंद केला आणि ऑपरेटरला म्हणाले, जा, चहा पिऊन ये. मग मला हाक मारली. टेप मी काढली. त्यांनी विचारलं, परत लागणार नाही असं काही करता येतं का. येतं. एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मिळतो, तो बसवला की आधीपासून दाबलेलं बटण प्रेस मानतच नाही. दर वेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदम दाबावी लागतात. मला तो किती तरी वर्षांपासून माहीत होता. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रविवार आणि सोमवार खपून पाचही प्रेसला बसवला. ऑपरेटर माझ्या नावानं बोटं मोडतात, मोडू देत. त्यांच्याकडे मोडायला बोटं तरी आहेत.

मालक माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. त्याची खुर्ची मात्र गेली नाही. सोमवारी तो किल्ल्या घेऊन बसला. मी स्टोअरमध्ये रिलेची वायर मागायला गेलो, त्यानं दोन्ही हातांनी एंट्री केली, वायर दिली आणि मग हळूच म्हणाला, ‘भाऊ, सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर कशाला घेतलाव? त्या दिवशी तुम्ही थांबला होताव माझ्यापाशी. काढू का म्हणून विचारलं होतं तुम्ही. मीच म्हणलं, राहू द्या, लोड हाय.’

मला ते आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. त्यानं तसं म्हटलं होतं हे खरंच आहे, पण टेपला नाही म्हणायचा पगार मला होता, त्याला नव्हता.